गांधीलमाश्या आणि दोन रिंगा

आमच्या घरात फोन वाजला की कुणी उठत नाही. पाहुणे गोंधळतात. फोन वाजतोय, मावशी शेजारच्याच खुर्चीत, मी हाताच्या अंतरावर, आणि दोघीजणी त्याच्याकडे बघत ढिम्म बसलेल्या. पाहुणा स्वतः उठून उचलायला गेला तर मावशी नुसता तळहात दाखवते. तिसरी रिंग पुरी झाली की मगच रिसीव्हर उचलायचा, हा या घरचा कायदा. खरं तर 'होता' म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच.

मावशीला सगळी गल्ली हॅलोमावशी म्हणते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तो 'हॅलो' तिच्या जिभेवर असा बसला की दार उघडतानाही तोच बाहेर पडतो. दूधवाल्याला हॅलो, मीटर बघायला आलेल्याला हॅलो, एकदा पायरीवर येऊन बसलेल्या कुत्र्यालाही हॅलो. माझी आई लवकर गेली, मग तिच्या या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही, माझं जमलं नाही. मी सकाळी दातांच्या दवाखान्यात टेबलाशी बसून पेशंटांचे नंबर लावते, दुपारपासून घरी. घरात पुरुषमाणूस म्हणाल तर एकच, माझा मामा, आणि तोही फक्त दोन रिंगांपुरता.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. तो कामासाठी लांब गेला तेव्हा बाहेरगावी फोन करणं ही चैन होती. मावशीनं युक्ती काढली. पलीकडच्यानं रिसीव्हर उचलल्याशिवाय बिल सुरू होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "दोन रिंगा दे आणि ठेव," तिनं त्याला सांगितलं. "मी समजेन, तू ठीक आहेस. बोलायचं असलं तर वाजू दे. तिसरी झाली की आम्ही उचलू." दिवसभर लोकांच्या बोलण्याची मिनिटं मोजणारी बाई घरी येऊन त्याच एक्स्चेंजला चुना लावत होती, आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नव्हतं. मामा वरचेवर दोन रिंगा द्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी वाजू द्यायचा. मग आम्ही रांगेनं बोलायचो. त्याचा आवाज इतका मोठा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. मी लहान होते, मला वाटायचं मामा त्या फोनमध्येच राहतो.

मग आजी आजारी पडली. मामाला कळवलं. तो आज निघतो, उद्या निघतो म्हणत राहिला आणि पोचला नाही. सगळं आटोपल्यावर त्याचा फोन आला. मावशी म्हणाली, "आता येऊन काय करणार आहेस?" आणि तिनं फोन ठेवून दिला. भांडण म्हणाल तर एवढंच. मी शेजारीच उभी होते. रिसीव्हर आपटलासुद्धा नव्हता, नीट ठेवला होता.

त्यानंतर मामानं तिसरी रिंग कधी वाजू दिली नाही.

पण दोन रिंगा येत राहिल्या. कधी महिन्यानं, कधी अख्खा हिवाळा उलटून गेल्यावर. बहुतेक दुपारी. दोनदा वाजायचा आणि गप्प. मावशी हातातलं काम थांबवायची, थोडा वेळ फोनकडे बघायची, "ठीक आहे तो" म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. एक्स्चेंज बदललं, मावशी निवृत्त झाली, गल्लीत पोराटोरांच्या हातात मोबाइल आले, तरी हे चालूच. त्याला लाज वाटते म्हणून तो वाजू देत नाही आणि हिला ताठा आहे म्हणून ही आधी उचलत नाही. शेवटी एकाच आईची लेकरं. मला दोघांचाही राग यायचा.

"दुसऱ्या रिंगेला उचल की," मी म्हणायची. "हात काय गहाण ठेवलेत?"

"त्याला बोलायचं असलं तर तो वाजू देईल."

"मग नंबर दिसणारा फोन आणू. निदान कुठून करतो ते तरी कळेल."

"दुसऱ्याच्या लाइनीत डोकावायचं नाही."

ही तिची नोकरीतली शिस्त. लाइन जोडून द्यायची आणि आपला कान काढून घ्यायचा. तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका लोकांची प्रेमप्रकरणं, वाटण्या, आजारपणं सगळं ऐकून डबा खाताना पाढा वाचायच्या. मावशीला कुणाचं काहीही माहीत नसे. तिच्या ओळखी होत्या, एका शब्दात मामाचा पत्ता निघाला असता. तिनं तो शब्द कधी टाकला नाही. मला वाटायचं ही शिस्त आहे. पुढे पुढे कळलं, त्यात भीतीही होती. नंबर हातात आला असता तर करावा लागला असता.

सकाळी उठल्यावर काही लोक आरशात बघतात, मावशी रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकते. एके दिवशी तो आलाच नाही. तिनं फोन हलवला, वायर चाचपली, पुन्हा कानाला लावला. मग मला हाक मारली, आणि तिच्या त्या हाकेनंच मी दात घासता घासता धावत आले.

"फोन डेड आहे," ती म्हणाली.

चार वेळा तक्रार केल्यावर लाइनमन उगवला. गलेलठ्ठ, मिशाळ, खांद्यावर शिडी. आमच्या मागच्या दाराबाहेर पायऱ्यांच्या वर भिंतीला एक करडा डबा आहे, खांबावरची वायर त्यात येते आणि तिथून घरात शिरते. लाइनमननं शिडी लावली, डब्याचं झाकण बोटभर उचललं आणि तो ज्या वेगानं खाली आला त्या वेगानं एवढा जाड माणूस येऊ शकतो हे मला पटलं नसतं. मागोमाग दोन-तीन पिवळ्या-तपकिरी गांधीलमाश्या खाली उतरल्या, जरा फिरल्या आणि परत डब्यात गेल्या.

"आत पोळं आहे," तो मनगट चोळत म्हणाला. "केवढं तरी. आधी ते काढा, मग मला बोलवा."

"तुम्हीच काढा की," मी म्हटलं.

"मी फोनचा माणूस आहे, बाई. माश्या माझ्या खात्यात येत नाहीत." शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला, आणि कोपऱ्यावरून वळून म्हणाला, "फार दिवस लावू नका. जुन्या लाइनी काढायला आमचे वरचे टपूनच बसलेत. डेड राहिली की कापून टाकतात. मग नंबर गेला तो गेला."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, कापली तर कापली, तुला छानसा मोबाइल घेऊ.

"त्याला हाच नंबर माहीत आहे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात गांधीलमाश्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. आगीच्या बंबवाल्यांना फोन केला, म्हणजे माझ्या मोबाइलवरून. त्यांनी विचारलं, कुणी अडकलंय का? मी म्हटलं, आमचा फोन अडकलाय. त्यांनी ठेवून दिला. खालच्या मजल्यावरचे टेलरकाका म्हणाले, काठीला चिंधी बांधा, रॉकेलमध्ये बुडवा, पेटवा आणि धरा डब्याखाली. मावशीनं त्यांना असं बघितलं की ते आपल्या मशीनवर परत गेले. "वायरी जळतील," ती मला म्हणाली, "आणि त्यांची पिल्लंही." पिल्लांचं ती हळूच म्हणाली.

मग झुरळं-वाळवी मारणारा माणूस आला. हा जाणकार निघाला. डब्याखाली उभा राहून त्यानं माश्यांची ये-जा बघितली आणि म्हणाला, ओलं औषध मारलं तर तारा गंजतील, पावडर मारायला हवी. तीही दिवेलागणीला, सगळ्या घरी परतल्यावर.

"मग या संध्याकाळी," मी म्हटलं.

"संध्याकाळी मी काम करत नाही. पण मावशी, कशाला मारता? थंडी पडली की जातील आपोआप. दोनेक महिने धीर धरा."

"धीर," मावशी म्हणाली. तो पावडरीची पुडी ठेवून गेला.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती त्या मुक्या फोनसमोर बसून होती. मी भांडी घासत होते. मध्येच म्हणाली, "तुला माहीत आहे, लाइन अशी तुटली ना, तरी फोन करणाऱ्याला बेल ऐकू येते. नेहमीसारखी. त्याला वाटतं, तिकडे वाजतोय."

"बरं मग?"

"मग काय. त्यानं या दिवसांत केला असेल तर त्याला वाटलं असेल, मी ऐकलं. मी मेले असते तरी त्याला बेल ऐकू आली असती. आणि तो म्हणाला असता, ठीक आहे ती."

मी नळ बंद केला. इतकी वर्षं त्या दोन रिंगांवर ती बाई निर्धास्त जगली होती, आणि रिंग वाजली म्हणजे पलीकडे माणूस असतोच असं नाही, हे तिला आज कळत होतं. कळत होतं म्हणजे काय, माहीत तर तिला कायमच होतं, ऑपरेटर होती ती. पण आपल्याच घराला ते लावून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मोहीम काढली. मी चढते म्हटलं तर ऐकेना. "तुला कुठली वायर कुठली ते काय कळणार?" तिच्या अंगात माझा रेनकोट, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, डोक्यावर टेलरकाकांचं स्कूटरचं हेल्मेट आणि त्यावरून मच्छरदाणीचा तुकडा गळ्याशी गाठ मारून बांधलेला. तशाच अवतारात तिनं दार उघडलं, टेलरकाका मदतीला आले होते, तर त्यांना म्हणाली, "हॅलो." काका दोन पायऱ्या मागे सरकले. माझ्याकडे स्टूल धरायचं काम होतं. सॉसची रिकामी बाटली धुऊन, वाळवून तिनं त्यात पावडर भरली होती. दाबली की टोकातून फुसकन धूर निघावा तशी पावडर निघे. हे तिचं तिनंच शोधून काढलं, मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

उजेड विझत आला तसं ती चढली. झाकणाच्या फटीत बाटलीचं टोक घातलं आणि दाबलं. आतून गुणगुण सुरू झाली, वाढली, आणि माझे हात स्टुलावर घामानं निसटायला लागले. "मावशी, उतर." ती दाबतच राहिली. मग आवाज मंदावला. उतरताना गाठ सैल झाली असावी, एक माशी मच्छरदाणीत शिरली आणि हेल्मेटच्या कडेखाली उजव्या कानाच्या पाळीला डसली. मावशी ओरडली नाही. "लागली," एवढंच म्हणाली आणि कठडा धरून उभी राहिली.

उजवा कान म्हणजे तिचा कामाचा कान. सगळी नोकरी त्याच कानावर हेडफोन लावून केलेली. डावा नावालाच. बर्फ लावला, गोळी दिली, तरी सकाळपर्यंत तो कान बटाट्याएवढा सुजला. मी हसले, मग मला रडू आलं, मग तीच हसली.

सकाळी डब्यात हालचाल नव्हती. झाकण काढून मावशीनं उलथन्यानं पोळं अलगद सोडवलं. ते हातात घेऊन पायरीवर बसली. राखाडी कागदाचं असावं तसं, आत कप्पेच कप्पे, काहींची तोंडं बंद, काही उघडी.

"एक्स्चेंजमधला आमचा बोर्ड असाच होता," ती म्हणाली. "भोकंच भोकं. प्रत्येकात कुणीतरी."

तिनं ते फेकलं नाही. झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. कुणाचं घर मोडलं की वाईट वाटतंच, गांधीलमाश्यांचं असलं तरी. तिला वाटलं आणि मलाही वाटलं.

लाइनमन आला, आधी लांबून डोकावला, मग चढला. माश्यांचा काही दोषच नव्हता. आतला जोड गंजून सुटला होता, त्यांनी नुसती जागा रिकामी बघून बिऱ्हाड केलं होतं. त्यानं जोड बदलला आणि खिशातून मोबाइल काढला. "रिंग देऊन बघतो हं." घरात फोन वाजला. मी सवयीनं उभीच राहिले. मावशीनं पहिल्या रिंगेलाच उचलला.

मग तिनं नीट ठेवला आणि म्हणाली, "यापुढे असंच."

त्यानंतर ती फोनपाशीच राहायला आली म्हटलं तरी चालेल. भाजी तिथे निवडायची, पेपर तिथे वाचायची, डुलकीही तिथेच. दवाखान्यातून मी घरी केला की पहिली घंटा पुरी व्हायच्या आत 'हॅलो'. माझा आवाज ऐकून 'हां, तू' म्हणायची, आणि त्या 'हां, तू'मध्ये इतकी निराशा असायची की मी घरी फोन करणंच सोडून दिलं. गल्लीतून कुणाची सायकलची घंटी वाजली तरी तिचा हात पुढे जायचा. संध्याकाळी मी विचारायची नाही आणि ती सांगायची नाही. इतकी वर्षं तिनं वाट बघितली ती निवांतपणे. आता तिला चैन पडत नव्हतं. माणसाची आठवण येणं आणि माणूस हवा असणं यात फरक असतो, तो मी त्या दिवसांत माझ्या डोळ्यांनी बघितला.

दुपारच होती. मी बटाटे सोलत होते. फोन वाजला आणि तिनं उचलला.

"हॅलो."

पलीकडे काहीच नाही. उजवा कान अजून हुळहुळत होता म्हणून मावशीनं डाव्याला लावला होता. तिनं मला हातानं बोलावलं. जिनं जन्मात कुणाला दुसऱ्याच्या फोनला कान लावू दिला नाही, तिनं मला ओढून शेजारी बसवलं आणि रिसीव्हर दोघींच्या मध्ये धरला.

"हॅलो? कोण आहे?"

"अय्या," एका मुलीचा आवाज आला. "उचलला? सॉरी, तिकडून कधीच उचलत नाहीत ना. बाबांनी शिकवलं होतं, दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा."

मावशीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाबा कुठे आहेत तुझे?"

"इथेच आहेत. शेजारी. त्यांना बोलता येत नाही हो. आजारी पडले ना मध्ये, त्यात वाचा गेली. समजतं सगळं. अधूनमधून फोनकडे बोट दाखवतात, मग मी हा नंबर लावते. तुम्ही कोण बोलताय?"

सगळ्या गल्लीची ती मावशी होती, भाजीवालाही तिला मावशी म्हणायचा. पण हा एक शब्द तिनं स्वतःसाठी आजवर कधी वापरला नव्हता.

"मी तुझी आत्या," ती म्हणाली.

पलीकडे कुजबुज झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्या, त्यांच्या कानाला लावलाय. बोला."

आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या बाईला स्वतःचं वाक्य सापडेना. पलीकडून श्वास ऐकू येत होता, जड, जरा घरघर असलेला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं एवढंच उरलं होतं. मला वाटलं, आता ही आजीचं काढेल, माफी मागेल, रडेल.

"अरे," ती म्हणाली, "मागच्या डब्यात गांधीलमाश्या झाल्या होत्या. म्हणून फोन बंद होता. तू केला असशील तर मला ऐकू आला नाही. तुला वाटलं असेल, आला. मी आधीच उचलायला हवा होता. फार आधी. ते जाऊ दे. तू ठीक आहेस ना?"

श्वास थांबल्यासारखा झाला. मग अगदी जवळून, रिसीव्हरवर नखानं वाजवल्याचा आवाज आला. टक. आणि जरा वेळानं पुन्हा, टक.

मावशीनं डोळे मिटले. "ठीक आहे तो," ती मला म्हणाली, नेहमीसारखी. पण या वेळी तिनं फोन ठेवला नाही आणि ती कामाला लागली नाही. खुर्चीत नीट सावरून बसली. "ऐक मग," ती त्याला म्हणाली. "आधी एक लाइनमन आला. हा असा जाडा..."

मी माझा कान काढून घेतला. बटाट्यांची परात उचलली, मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. डब्याभोवती एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. पावडर मारली त्या संध्याकाळी बाहेर राहिली असावी. झाकणाशी यायची, चाचपायची, मागे जायची, पुन्हा यायची. मी तिला हाकललं नाही. आत मावशी हेल्मेटपर्यंत पोचली होती, आणि बटाटे सोलून झाले तरी मी उठले नाही.